खाल्लेलं अंगी लागलं का, हे क्लॅमला कसं विचारायचं

दोन मिलिमीटरचं क्लॅमचं, म्हणजे एका प्रकारच्या शिंपल्याचं, पिल्लू बोटाच्या टोकावर घेतलं तर तिळाएवढं दिसतं, आणि तेच मायक्रोस्कोपखाली ठेवलं की कवच अजून इतकं पातळ असतं की आतलं पोट आरपार दिसतं. काय खाल्लंय त्याचा रंग पोटात उतरलेला असतो. आयसोक्रायसिस नावाचं शैवाल दिलं असेल तर सोनेरी तपकिरी, टेट्रासेल्मिस नावाचं दिलं असेल तर हिरवंगार, आणि उपाशी असेल तर पोटाच्या जागी नुसता फिकट धुरकट डाग. मी हॅचरीत, म्हणजे शिंपल्यांची पिल्लं तयार करतात तिथे, कामाला लागले तेव्हा पहिले कित्येक महिने मला वाटायचं की एवढं बघितलं की झालं, पोटात रंग आहे म्हणजे पिल्लू जेवलंय, जेवलंय म्हणजे वाढणार, संपला विषय. विषय तिथे संपत नाही हे कळायला मला एक अख्खी बॅच उपाशी ठेवावी लागली, आणि ती पण भरल्या पोटी. ती गोष्ट येतेच पुढे, पण आधी हे प्राणी जेवतात कसे ते सांगते, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा नीट कळणार नाही.

बऱ्याच जणांना वाटतं क्लॅम चिखलात राहतं म्हणजे चिखल खात असेल. तसं नाहीये. ते चिखलात किंवा वाळूत स्वतःला पुरून घेतं आणि वर दोन नळ्या काढतं, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आत कल्ले असतात, आणि हे कल्ले श्वासापुरते नसतात, तीच त्याची चाळणी. कल्ल्यांवर बारीक केसांसारखे सिलिया सारखे हलत असतात, पाणी ओढतात, पाण्यातले कण अडवतात, ते कण चिकट म्युकसमध्ये गुंडाळून तोंडाकडे सरकवले जातात, आणि तोंडाजवळ ओठांसारखे जे दोन-दोन पापुद्रे असतात ते निवड करतात की हे घ्यायचं आणि हे टाकायचं. टाकलेला माल पोटात न जाताच गोळी बनून बाहेर पडतो, त्याला खोटी विष्ठा म्हणतात, आणि ही खरी आणि खोटी विष्ठा ओळखता येणं हे आमच्या कामातलं एक कौशल्य आहे असं मी म्हटलं तर घरचे हसतात, पण आहे ते.

पोटात तर अजूनच गंमत. तिथे काचेसारखी पारदर्शक जेलीची एक काडी असते, ती सतत गोल फिरत असते, तिचं टोक पोटाच्या भिंतीवरच्या एका कडक भागावर घासत राहतं आणि झिजता झिजता त्यातून पाचक एन्झाइम सुटतात. म्हणजे पाटा-वरवंटा आणि मसाला दोन्ही एकातच. लहान पिल्लात ही काडी फिरताना चक्क दिसते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दहा मिनिटं मान वर केली नव्हती. बऱ्याच जातींत पिल्लू उपाशी राहिलं की ही काडी विरघळत जाते, आणि खाणं सुरू झालं की परत तयार होते.

आता खायला काय, तर सूक्ष्म शैवाल, आम्ही रोजच्या बोलण्यात नुसतं अल्गी म्हणतो. एकपेशीय, डोळ्याला एकेक पेशी दिसत नाही, फक्त पाण्याला रंग आलेला दिसतो. हॅचरीत एक वेगळी खोली फक्त याचीच असते, काचेच्या फ्लास्कपासून सुरुवात करून मग कार्बॉय म्हणजे मोठ्या बरण्या, मग उंच पिशव्या किंवा सिलिंडर, सगळीकडे दिवे, हवेचे बुडबुडे आणि त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं ही लोकं शिंपल्यांची शेती करतात, खरं तर आमचा अर्धा जीव अल्गीच्या शेतीत जातो. हॅचरीच्या एकूण खर्चातला साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा एकट्या अल्गीवर जातो असं सगळीकडे धरलं जातं, आणि एसीचं आणि दिव्यांचं बिल बघितलेल्या कोणालाही ते खोटं वाटणार नाही.

अल्गीला वाढायला जे खत लागतं त्याचं सगळ्यात चालणारं नाव एफ/२. मला पहिल्या आठवड्यात वाटलेलं हे कॅमेऱ्याचं काहीतरी आहे. १९६२ साली गिलार्ड आणि रायथर यांनी एफ नावाचं मिश्रण दिलं, त्याची ताकद निम्मी केली की झालं एफ/२. नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि इतर सूक्ष्म धातू, थोडी व्हिटॅमिन्स. डायटम नावाच्या गटातली अल्गी वाढवायची असेल तर वरून सिलिकेट घालावंच लागतं कारण त्यांचं कवच सिलिकाचं असतं, आणि ते विसरलं की कल्चर, म्हणजे वाढवत ठेवलेली अल्गी, दोन दिवस बरं दिसतं आणि मग बसतं. हे पण अनुभवाचे बोल.

अन्नात प्रकार किती? पुस्तकी यादी लांब आहे, पण रोजच्या वापरातली नावं पाच-सहा. टी-आयसो, म्हणजे आयसोक्रायसिसचा ताहितीहून आणलेला वाण, ज्याला २०१३ मध्ये टिसोक्रायसिस असं नवीन नाव दिलं गेलं पण हॅचरीत कोणी ते म्हणत नाही. किटोसेरॉस आणि थॅलॅसिओसिरा हे डायटम. पावलोव्हा. टेट्रासेल्मिस, हे मोठं, हिरवं, चार शेपट्यांवर सुसाट पळणारं. टी-आयसोची पेशी ४ ते ६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), टेट्रासेल्मिसची १० ते १४. अगदी लहान अळीला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या पहिल्या अवस्थेतल्या क्लॅमला, टेट्रासेल्मिस तोंडात मावत नाही, ते पिल्लू जमिनीला बसल्यावरच द्यायचं.

इथून खरी मजा सुरू होते, कारण या सगळ्यांना पोषणाच्या हिशोबाने एकाच मापात धरता येत नाही. क्लॅमला वाढीसाठी ओमेगा-३ मधली दोन लांब साखळीची फॅटी ॲसिड लागतात, ईपीए आणि डीएचए, आणि ती त्याला स्वतःला पुरेशी बनवता येत नाहीत, म्हणजे ताटातूनच यायला हवीत. टी-आयसोत डीएचए भरपूर पण ईपीए अगदीच थोडं. डायटममध्ये नेमकं उलटं, ईपीए छान, डीएचए जेमतेम. पावलोव्हात दोन्ही आहेत, म्हणून तिचं कौतुक फार, पण तिचे नखरे पण तेवढेच. टेट्रासेल्मिसमध्ये थोडं ईपीए आहे, डीएचए जवळजवळ नाहीच. आणि ड्युनालिएला नावाचं एक हिरवं अल्गी आहे, ते वाढवायला इतकं सोपं की लहान मूल वाढवेल, मरत नाही, बसत नाही, रंग सुंदर, आणि त्यात ही दोन्ही फॅटी ॲसिड नाहीत. नुसत्या ड्युनालिएलावर ठेवलेली पिल्लं जगतात, मरगळल्यासारखी जगतात, वाढत मात्र नाहीत म्हटलं तरी चालेल. आमच्या सरांच्या भाषेत, ‘ते अल्गीच्या खोलीचं अन्न आहे, क्लॅमचं नाही.’

म्हणून एक टी-आयसो आणि एक डायटम अशी जोडी लावायची ही जवळजवळ सगळीकडची रीत आहे, आणि मिश्र आहारावर पिल्लं एकट्या अल्गीपेक्षा बहुतेक वेळा चांगली वाढतात हे वारंवार दिसून आलंय. कारण साधं आहे, एकाचं उणं दुसरा भरून काढतो. फॅटी ॲसिडच नाही, स्टेरॉलचं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीच्या पदार्थांचं, पण तेच, शिंपल्यांना ते पण स्वतःचं फारसं बनवता येत नाही, अन्नातून मिळेल ते घ्यायचं आणि प्रत्येक अल्गीचे स्टेरॉल वेगळे. अळीच्या अवस्थेत तर हे अजून काटेकोर असतं कारण अळीला तरंगणं सोडून जमिनीला बसायचं असतं, त्या बदलात तिला काही काळ नीट खाताच येत नाही आणि ती सगळी साठवलेल्या चरबीवर निघते. साठा कमी असेल तर त्या टप्प्यावर टाकी रिकामी होते. जमिनीला बसलेलं पिल्लू त्या मानाने पोक्त असतं, थोडं कमीजास्त चालवून घेतं, पण त्याची भूक!

भुकेचा हिशोब करून दाखवते म्हणजे अंदाज येईल. पिल्लांसाठी एक जुना चालत आलेला आकडा आहे, दर ग्रॅम जिवंत वजनामागे आठवड्याला ०.४ ग्रॅम सुकं अल्गी. तुमच्याकडे फक्त १०० ग्रॅम पिल्लं आहेत समजा, ओंजळभर पण नाहीत. आठवड्याला ४० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ५.७ ग्रॅम सुकं वजन. टी-आयसोच्या दहा लाख पेशींचं सुकं वजन ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. भागाकार केला की दिवसाला २८,५०० कोटी पेशी येतात. आता कल्चर चांगलं घट्ट असेल, मिलीलिटरला १ कोटी पेशी, तर ते झाले रोजचे साडेअठ्ठावीस लिटर. टेट्रासेल्मिसची पेशी वजनाने दहापट जड, दहा लाखांना ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे पेशी दहापट कमी लागतात, पण त्याचं कल्चर पण मिलीलिटरला दहा लाखांच्याच घरात असतं. म्हणजे परत साडेअठ्ठावीस लिटरच! मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा वाटलं कुठेतरी शून्य चुकलंय, तीनदा केलं. आणि लक्षात घ्या, पिल्लं चांगली वाढत असतील तर त्यांचं वजन बघता बघता दुप्पट होतं आणि वजन दुप्पट की हा आकडा पण दुप्पट. म्हणून तर काही मिलिमीटरची झाली की बहुतेक जण त्यांना बाहेर नैसर्गिक समुद्राच्या पाण्यावर काढतात, आत ठेवून पोसणं कोणाच्याच बापाला परवडत नाही.

पेशी मोजायची पद्धत पण सांगून टाकते, कारण सगळा हिशोब तिथे उभा आहे. हिमोसायटोमीटर नावाची काचेची पट्टी असते, तिच्यावर चौकोन कोरलेले असतात, मोठा चौकोन १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर आणि वर काच ठेवली की खोली ०.१ मिलिमीटर. त्यात जेवढ्या पेशी दिसतील त्याला १०,००० ने गुणलं की मिलीलिटरमधला आकडा. टी-आयसो वळवळतं, टेट्रासेल्मिस तर इकडून तिकडे धावतंच, एक पेशी चारदा मोजली जाते, म्हणून आधी आयोडीनचा थेंब टाकून मारायचं. हातात क्लिकर, एक डोळा बंद, आणि बाजूला कोणीतरी बोलायला आलं की सगळं पहिल्यापासून.

बरं, आता माझी गोष्ट.

एका वर्षी टी-आयसोचं कल्चर बसलं. म्हणजे संध्याकाळी सोनेरी होतं, सकाळी खोलीत गेले तर पिशव्यांच्या तळाशी गाळ आणि वर पाणी पांढरट, वास यायला लागलेला. एक पिशवी बसली तर चालतं, इथे ओळीने सगळ्या बसल्या, नंतर कळलं की फिल्टरमध्ये घोळ होता आणि दूषित पाणी सगळीकडे गेलं होतं. डायटम पण त्याच पाण्यावर, ते पण दोन दिवसांनी गेले. सर बाहेरगावी. खाली टाक्यांत दीड-दोन मिलिमीटरची पिल्लं, भूक वर सांगितली तशी. राखून ठेवलेल्या मूळ कल्चरमधून परत पहिल्यापासून वर येईपर्यंत दोन-तीन आठवडे जाणार हे उघड होतं.

फ्रिजमध्ये नॅनोक्लोरॉप्सिस नावाच्या अल्गीची पेस्ट होती, माशांच्या पिल्लांना जे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव देतात ते वाढवायला ही पेस्ट वापरतात, एका मित्राच्या युनिटकडून आलेली. मी तक्ता काढून बघितला, नॅनोमध्ये ईपीए मस्त आहे, डायटमच्या तोडीचं. म्हटलं सोनं मिळालं. वजनाचा हिशोब लावला, पेस्ट पाण्यात नीट फेटली, सोडायला लागले.

पहिले दोन दिवस मी स्वतःवर खूश. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सगळ्यांची पोटं हिरवी. टाकीचं पाणी पण थोडं उशिरा का होईना नितळ होत होतं, म्हणजे गाळून घेत होती. तळाशी विष्ठा पण भरपूर, हिरव्या बारीक शेवया. मी फोनवर सरांना सांगितलं, ‘सर, जेवतायत व्यवस्थित.’ सर म्हणाले, ‘बरं. मोजत राहा.’

मी मोजत राहिले, पण मोजलं काय, तर लांबी. दर तीन दिवसांनी पन्नास पिल्लं काढायची, कॅमेऱ्याखाली ठेवून कवचाची लांबी घ्यायची. आणि लांबी वाढत होती! नेहमीपेक्षा हळू, पण वाढत होती. मी वहीत लिहिलं, वाढ समाधानकारक. ती वही अजून आहे माझ्याकडे, तो शब्द मी खोडलेला नाही.

दोन आठवड्यांनी सर आले, आल्या आल्या टाकीत हात घातला, मूठभर पिल्लं तळहातावर घेतली, थोडी हलवली आणि म्हणाले, ‘अगं, ही हलकी लागतायत.’ मला तेव्हा तो अपमान वाटला, तळहातावर काय वजन कळतं म्हणून. मग म्हणाले, ‘विष्ठा बघितलीस का?’ म्हटलं हो, भरपूर आहे. ‘भरपूर आहे ते दिसतंय मला. स्लाइडवर घेऊन बघितलीस का?’

नव्हती बघितली.

पिपेटने एक शेवई उचलली, स्लाइडवर ठेवली, वरून काच दाबली. आत नॅनोच्या पेशी. अख्ख्या. गोल, हिरव्या, कडा शाबूत, जशा तोंडातून आत गेल्या तशाच मागून बाहेर आलेल्या. नॅनोची भिंत जाड आणि चिवट असते, त्या काडीला आणि तिच्या एन्झाइमला ती नीट फुटत नाही. आणि पेशी असते २-३ मायक्रॉनची, क्लॅमच्या कल्ल्यांना ४ मायक्रॉनच्या वरचे कण चांगले अडवता येतात, त्याखाली पकड सैल होत जाते, म्हणून पाणी नितळ व्हायला उशीर लागत होता, ते पण माझ्या डोळ्यासमोर घडत होतं आणि मी त्याला ‘थोडं उशिरा’ म्हणून सोडून दिलं होतं. तक्त्यातलं ईपीए खोटं नव्हतं. ते पेशीच्या आत होतं, कुलूप लावून.

त्याच दिवशी ओव्हनमध्ये नमुना टाकला. मांस आणि कवच वेगळं करायचं (दोन मिलिमीटरच्या पिल्लात ही शिक्षा आहे, सुई आणि भिंगाचं काम), ६० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचं, आणि सुक्या मांसाचं वजन सुक्या कवचाच्या वजनाशी ताडून बघायचं, याला कंडिशन इंडेक्स म्हणतात. अजून बारीक पिल्लं असली तर अख्खीच सुकवून ४५० अंशाला जाळतात, जळून जातो तो जिवाचा भाग, उरते ती राख म्हणजे बहुतेक कवच. माझ्या पिल्लांचं कवच वाढलं होतं आणि आत मांस जवळजवळ होतं तेवढंच. मोठ्या खोलीत छोटा माणूस. कवचाला मुख्यत्वे पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट लागतं, ते पाण्यात होतंच, आणि त्यामुळे कवच काही काळ मांसाच्या पुढे धावू शकतं. लांबी बघणाऱ्याला ते कळतच नाही.

तेव्हापासून मी लांबी एकटी लिहित नाही. लांबी, जिवंत वजन, आणि दर पंधरा दिवसांनी सुकं मांस. कंटाळवाणं आहे, मान्य, आणि नवीन मुलं कुरकुर करतात.

यातून अजून एक खाज लागली, अल्गीलाच संशयाने बघायची. आम्ही म्हणतो टी-आयसो दिलं, पण कुठलं टी-आयसो? जोमात वाढणारं कल्चर आणि वाढ थांबून आठवडा झालेलं कल्चर हे नावाला एक, आतून दोन वेगळी अन्नं. पाण्यातलं नायट्रेट संपत आलं की पेशी प्रोटीन बनवायचं कमी करते आणि चरबी किंवा स्टार्चसारख्या साठ्याकडे वळते. दिवे, तापमान, खत, काढणीचा दिवस, सगळ्याने आतला मसाला बदलतो. म्हणजे दोन हॅचऱ्या एकच अल्गी, एकाच मापात देतात आणि पिल्लं वेगवेगळी वाढतात यात काही जादू नाही. वाढत्या पिल्लाला मांस बांधायला प्रोटीन हवं, आणि रोजच्या खर्चाला आणि साठ्याला कार्बोहायड्रेट, जे ते ग्लायकोजेन म्हणून साठवतं. फॅटी ॲसिडची गरज भागल्यावर पुढे फरक पडतो तो या दोघांच्या प्रमाणाने, आणि हे प्रमाण कोणत्याही डब्यावर छापून येत नाही. शिवाय म्हाताऱ्या कल्चरमध्ये बॅक्टेरिया वाढलेले असतात, त्यात व्हिब्रिओ असला तर पोषण वगैरे बाजूलाच राहतं, दोन दिवसांत टाकी साफ. मी काढणी वाढ जोरात असतानाच करते, थोडं कमी घट्ट मिळालं तरी चालेल.

जिवंत अल्गीला पर्याय शोधायचे प्रयत्न खूप झालेत आणि अजून चालू आहेत. यीस्ट स्वस्त, पण भिंत पचायला कठीण आणि लांब ओमेगा-३ नाही. स्प्रे-ड्राय केलेलं टेट्रासेल्मिस पिल्लांना बऱ्यापैकी चालतं. मक्याचं पीठ किंवा स्टार्च हा मला सगळ्यात मजेशीर वाटलेला प्रकार, अल्गीचा काही हिस्सा काढून त्या जागी द्यायचा, आणि युरोपातल्या ग्रूव्ह्ड क्लॅमच्या पिल्लांवर याचे प्रयोग झालेत. पटण्यासारखं आहे, कारण ती पोटातली काडी स्टार्च फोडणारी एन्झाइमच सोडते. पण हिस्सा म्हणजे हिस्सा, पीठच पीठ दिलं तर प्रोटीन आणि फॅटी ॲसिड कुठून येणार. टी-आयसो, थॅलॅसिओसिरा वगैरेच्या तयार पेस्ट आता मिळतात आणि अडीअडचणीला मी पण फ्रिजमध्ये ठेवते. नॅनोची ठेवत नाही, हे सांगायला नको.

आणि जास्त खायला घालणं पण वाईट, हे सांगायचं राहिलं. नवशिक्याला वाटतं पाणी गडद म्हणजे पिल्लं खूश. पाण्यात पेशी एका मर्यादेपलीकडे गेल्या की कल्ल्यांना आवरत नाही, क्लॅम गाळायचा वेग कमी करतं, किंवा गाळतं आणि न खाता म्युकसमध्ये गुंडाळून टाकून देतं, ती वर सांगितलेली खोटी विष्ठा. गोळी बनवायला म्युकस खर्च, अल्गी वाया, तळाशी सडायला माल तयार. थोडं थोडं, सारखं देत राहणं बरं. मी रात्री ठिबक लावून जाते. तापमानाचं पण यात बोट आहे, पाणी गार झालं की क्लॅम कमी गाळतं, तेव्हा उन्हाळ्याच्या मापाने खायला घातलं की तेच सडणं परत. ताटाचं माप थर्मामीटर बघून.

बाहेर नर्सरीत गेल्यावर ताट आपल्या हातात राहत नाही. तिथे अपवेलर असतात, तळाला जाळी असलेले डबे, पाणी खालून वर येतं आणि पिल्लांच्या थरातून जातं. अन्न म्हणजे समुद्रात त्या दिवशी जे तरंगत असेल ते, आणि आपल्या हातात फक्त पाण्याचा वेग आणि डब्यातली गर्दी. थर जाड झाला की खालची पिल्लं आधी जेवतात आणि वरच्यांपर्यंत उष्टं पाणी पोचतं. एका डब्यात एकाच दिवशी टाकलेली पिल्लं महिन्याने दोन आकारांची होतात, आणि आपण जातीला दोष देत बसतो. थोडा अनुवंश असतोच त्यात, नाही म्हणत नाही, पण आधी थर विस्कटून बघावा.

आणि समुद्रात तरंगतंय ते सगळं अन्न नसतं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या खाड्यांत तपकिरी भरती आली होती, ऑरियोकॉकस नावाचं २ मायक्रॉनचं अल्गी, पाणी चहासारखं झालेलं. पाण्यात पेशीच पेशी, आणि तिथले स्कॅलप नावाचे शिंपले उपासमारीने गेले, हार्ड क्लॅमच्या पिल्लांचं खाणं पण त्या अल्गीमुळे थांबतं कारण ते कल्ल्यांवरच्या सिलियांनाच सुस्त करतं. मी हे वाचलं तेव्हा मला माझी हिरवी टाकी आठवली. जगात मनिला क्लॅम ही जात वर्षाला ४० लाख टनांच्या वर पिकवतात, त्यातलं बहुतेक चीनमध्ये, आणि यातला फार मोठा भाग मोठा होतो तो असाच, समुद्र वाढेल ते खाऊन. हॅचरीतले आपले फ्लास्क आणि क्लिकर हे फक्त आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांपुरते. पण त्या आठवड्यांत पोकळ राहिलेलं पिल्लू बाहेर गेल्यावर वाळूत घुसायला वेळ लावतं, वर पडून राहतं, आणि खेकडे वाट बघतच असतात.

माझ्या त्या बॅचचं काय झालं हे विचारणार असाल तर, टी-आयसो सतराव्या दिवशी परत आलं. अर्धी भूक भागेल एवढंच होतं, उरलेलं टेट्रासेल्मिसने भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी गेले तर तळाशी शेवया होत्याच, पण तपकिरी, आणि स्लाइडवर घेतल्यावर आत फक्त चुरा, एकही पेशी अख्खी नाही. मी सरांना हाक मारून दाखवलं. ते वाकून बघत राहिले थोडा वेळ, मग म्हणाले, ‘हं, आता वजन घे.’ शनिवारी चाळणी लावली, १.५ मिलिमीटरच्या जाळीवर जी राहिली ती पुढे पाठवली, खाली पडलेली, साधारण एक तृतीयांश, परत टाकीत टाकली, आणि ती टाकी अजून एक महिना माझ्या गळ्यात होती.